उपहासमुक्त अकरावी 'ब'

मला कुणी दुखवू शकत नाही. हे मी स्टाफरूममध्ये चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचे. हातात चहाचा कप असायचा, म्हणजे निम्मा चहा बशीत आणि उरलेला ओढणीवर. तरी सांगायचे. "लहानपणापासून ऐकतेय हो. कातडी गेंड्याची झालीय. या, कुणाला यायचंय ते या!"

पुढे सरकारने एक यंत्र आणलं आणि माझं म्हणणं शंभर टक्के खरं असल्याचं सिद्ध केलं. त्यातच माझी वाट लागली.

मी केतकी दुधाणे. सावळपूरच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. म्हणजे शिकवायचे. जन्माच्या वेळी माझ्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, त्यामुळे चालताना पाय एकीकडे जातात, हात दुसरीकडे जातात आणि जीभ सगळ्यांत शेवटी पोचते. डोकं मात्र वेळेवर असतं. डोक्यात वाक्य पूर्ण होतं, मला त्याचा कंटाळाही येऊन जातो, तेव्हा कुठे ते तोंडातून निघायला सुरुवात होते. मुलं मला 'बफरिंग मॅडम' म्हणायची.

आमच्या गॅदरिंगला फिशपाँडची परंपरा आहे. कुणी कुणाबद्दलही टोमणा लिहायचा, नाव न घालता चिठ्ठी मडक्यात टाकायची, आणि निवेदकाने स्टेजवरून ती वाचायची. ज्याच्यावर असेल त्याने उठून, हसत हसत, ती घ्यायला जायचं. हसलं नाही तर खिलाडूवृत्ती नाही असं ठरतं. मला दर वर्षी एक तरी असायचाच. "दुधाणे मॅडम झेंडावंदनाला निघाल्या प्रजासत्ताक दिनाच्या, पोचल्या स्वातंत्र्यदिनाच्या. वेळेवर!" मी हसत उठायचे. स्टेजपर्यंत पोचेस्तोवर पुढचे तीन फिशपाँड वाचून व्हायचे. त्यावर आणखी हशा.

वाचायचे आमचे गुरसाळे सर. केमिस्ट्री शिकवतात. नकला करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. प्राचार्यांची करतात, शिपायाची करतात, माझी तर फारच छान करतात. जीभ टाळ्याला लावून मान अशी काही वळवतात की मलाच वाटावं, अरे, मी इथे बसलेय तर ती कोण? माझी नक्कल ते माझ्या तोंडावर करायचे आणि मग मला रोज स्कूटरवरून घरी सोडायचे. सगळ्या कॉलेजात मला घरी सोडणारा तेवढा एकच माणूस. मैत्री म्हणतात ती हीच, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी प्राचार्य आवटे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मुलं हसतात हो तुम्हाला. आम्हालाच बघवत नाही. तुमच्या भल्यासाठी म्हणून अकरावी 'ब' काढून घेतोय. ग्रंथालय बघा. शांतता असते."

असते ना. पुस्तकं सगळी स्क्रीनवर गेल्यापासून ग्रंथालयात कुणी येतच नाही. आणि माझा वर्गही स्क्रीनवरच्या एका सरांकडे गेला. ते भराभर शिकवायचे. शंका विचारली तर थांबायचे नाहीत, पण नेट गेलं की अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून थांबायचे. त्यांना बफरिंग कुणी म्हणत नसे.

पगार तोच होता. पण फळ्यावर शेवटची ओळ लिहिल्यावर मागच्या बाकावरून जो "आँ?" असा आवाज येतो, तो ग्रंथालयात येत नाही. मी एवढ्या खटपटीने कपडे घालून, रिक्षा पकडून कॉलेजात येते ती त्या "आँ"साठी. मला माझी अकरावी 'ब' परत हवी होती.

आणि तेवढ्यात कायदा आला.

* * *

कायदा दिव्यांगांसाठी. कर्मचाऱ्याचा उपहास झाला तर उपहास करणाऱ्यावर कारवाई. आणि उपहासाचं कारण सांगून त्याचं काम काढून घेतलं असेल, तर ते परत द्यायचं. फक्त उपहास झाला हे सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी 'सल'.

सल म्हणजे मनगटाचा पट्टा. तो बांधायला ओजस नावाचा मुलगा आला. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर 'संवेदना मित्र' असं छापलेलं होतं.

"मॅडम, बोट कापलं की जसं दुखतं ना, तसंच टोमणा लागला की दुखतं," तो म्हणाला. "मेंदूत दोन्हीचं काम बऱ्यापैकी एकाच भागात चालतं. मग शरीर त्याची वर्दी देतं. तळहाताला बारीक घाम येतो, त्वचेतून वीज जरा जास्त वाहते, हृदयाचे ठोके आपली लय सोडतात, घामात ताणाचं रसायन उतरतं. हा पट्टा ते सगळं पकडतो आणि त्याच वेळी आजूबाजूचं बोलणं ऐकतो. बोलणं आणि दुखणं जुळलं, की आकडा येतो. शून्य ते शंभर. चाळीसच्या वर गेला की तक्रार आपोआप नोंदली जाते. तुम्ही काही करायचंच नाही."

"काहीच नाही?"

"फक्त दुखावून घ्यायचं."

मी इतकी खूश झाले की सांगता सोय नाही. दुखावून घ्यायची सोय आमच्या कॉलेजात भरपूर होती.

दुसऱ्या दिवशीपासून मी मधल्या सुट्टीत मुद्दाम लांबच्या पॅसेजने फिरू लागले. मुलांनी मला अजिबात निराश केलं नाही. एकाने माझ्यामागे माझ्यासारखं चालून दाखवलं. एकीने "लोडिंग, लोडिंग" म्हटलं. गेटवरच्या वॉचमनने रिक्षावाल्याला सांगितलं, "जपून रे, अर्धी सवारी आहे." रिक्षावाल्याने मला, माझ्यादेखत, वॉचमनला विचारलं, "यांना उतरायचं कुठं?" मी पट्टा कान टवकारल्यासारखा वर धरून हिंडत होते.

आठवड्याने ओजस आला. त्याने आकडे पाहिले, पट्टा हलवला, परत पाहिले.

"मॅडम, शून्य आहे."

"कुठल्या दिवशी?"

"सगळ्या."

पट्टा बिघडला असेल म्हणून त्याने तो प्राचार्यांच्या हाताला बांधून पाहिला. तेवढ्यात शिपाई आत आला आणि म्हणाला, "सर, हा शर्ट धुऊन आटला का हो?" आकडा बावन्नवर गेला. यंत्राला काही झालं नव्हतं.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की सावळपूरच्या कॉलेजात उपहास आढळला नाही. जिल्ह्यातलं पहिलं उपहासमुक्त कॉलेज. आवटे सरांनी गेटवर फलक लावला. रंगारी तो लावायला शिडीवर चढला होता, तेव्हा मी खालून जात होते. त्याने वरून माझी चाल काढून दाखवली आणि शिडीसकट खाली आला. फलक तिरका राहिला तो राहिलाच.

मी केबिनमध्ये गेले.

"सर, उपहास नाही, म्हणजे मुलं हसत नाहीत."

"नाहीच हसत. सरकारनेच सांगितलंय."

"मग हसतात म्हणून काढलेला वर्ग परत द्या."

आवटे सरांनी खिडकीतून तिरक्या फलकाकडे पाहिलं. "मॅडम, हसत असतील तर तुम्हाला तिथे पाठवणं क्रूर ठरेल. हसत नसतील तर वर्ग काढण्याचं कारण वेगळं असणार. मी शोधतो."

* * *

ओजसला वाईट वाटलं. त्याच्याही मनगटाला पट्टा होता. त्याचा आकडा त्या दिवशी एकतीस होता, मी पाहिला.

"तुम्हाला खरंच काही वाटत नाही?" त्याने विचारलं.

"तुझ्या हातावर घड्याळ आहे. ते आत्ता टोचतंय?"

"नाही."

"पहिल्या दिवशी टोचत होतं ना? मज्जातंतूंना एकच निरोप सारखा आला की ते तो पुढे पाठवायचे थांबतात. कचराकुंडीजवळ राहणाऱ्याला वास येत नाही. म्हणून कचरा नाही असं होत नाही." माझं हे बोलणं पूर्ण होईपर्यंत त्याचा चहा निवला, पण तो थांबला. "तुम्ही हे यंत्र कुणावर तपासून बनवलंत?"

"कॉलेजच्या मुलांवर. धडधाकट. म्हणजे... ज्यांना कधी कुणी काही बोललेलं नाही."

मी त्याला कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढून दाखवला. बारीक वस्तूंची जाडी मोजायचं साधन, अकरावीचं पहिलं प्रॅक्टिकल. दोन्ही जबडे मिटले की वाचन शून्य आलं पाहिजे. कधी कधी शून्याची खूणच सरकलेली असते. त्याला झिरो एरर म्हणतात. मग आधी खूण किती सरकलीय ते मोजायचं आणि प्रत्येक वाचनात तेवढं मिळवायचं किंवा वजा करायचं. ते केलं नाही तर गोटी केवढीही असो, उत्तर चूक.

"माझी खूण सरकलीय," मी म्हटलं. "तुमच्या यंत्रात मिळवायची सोय आहे का?"

नव्हती. सोय होती ती 'संवेदना पुनर्जागरण' नावाच्या प्रशिक्षणाची. त्यात संवेदना मित्राने माणसाचा रोज थोडा थोडा उपहास करायचा, म्हणजे बधिरपणा उतरतो.

ओजस फार चांगल्या घरातला मुलगा. ग्रंथालयात समोर बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही... जरा सावकाश चालता."

"शून्य," मी पट्टा पाहून म्हटलं.

"तुमचं बोलणं... म्हणजे ऐकणाऱ्याला थोडं..."

"अरे, नीट बोल की. अकरावीतली पोरं तुझ्यापेक्षा बरं करतात. तोंड वाकडं कर. हां. जीभ बाहेर काढ. आता मान."

तो बिचारा मान वळवून, जीभ बाहेर काढून, माझ्यासारखा "फि... जि... क्स" म्हणत असताना दारात माझी आई उभी. माझा डबा राहिला होता, तो घेऊन आली होती.

आईने डबा टेबलावर ठेवला आणि ओजसच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याची जीभ चावली गेली.

"आई, अगं सरकारी आहे ते! मीच सांगितलं त्याला!"

"तू सांगितलंस? तुझी अक्कल कुठं गेली?"

तिला खाली बसवून सगळं सांगितलं. ओजसने रुमाल तोंडाला धरूनच, कुतूहल म्हणून, एक जास्तीचा पट्टा आईच्या मनगटाला बांधला आणि पॅसेजमधलं आठवडाभराचं बोलणं परत लावलं. लोडिंग, लोडिंग. अर्धी सवारी. यांना उतरायचं कुठं.

आई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. चेहऱ्यावर काही नाही. आकडा त्र्याण्णव.

"बाप रे," ओजस म्हणाला. मग पडलेल्या आवाजात म्हणाला, "पण काकू, हे धरता येत नाही. तुम्ही पीडित नाही."

"मग मी कोण?" आईने विचारलं.

याला त्याच्या टॅबमध्ये रकाना नव्हता. आईने पट्टा सोडला, डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "भाजी आधी खा, गार होतेय."

जाता जाता ओजसने मला एक गोष्ट दाखवली. माझ्या शून्यांच्या रांगेत एक ठिपका होता. जेमतेम दीडचा, पट्टा बांधला त्याच दिवशीचा, अहवालात शून्यच धरलेला. मी त्यापुढचा आवाज लावायला सांगितलं. गुरसाळे सर स्टाफरूममध्ये माझी नक्कल करत होते, आणि पाठोपाठ सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई मी होते.

"दीड म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही," ओजस म्हणाला.

* * *

पट्टा बोलणं ऐकतो हे कळल्यापासून गुरसाळे सर माझ्याशी बोलेनासे झाले होते. भीतीने. मी स्टाफरूममध्ये आले की ते हात मागे बांधून भिंतीवरच्या पिरिऑडिक टेबलकडे पाहत उभे राहायचे. स्कूटर मागच्या गेटने न्यायला लागले. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर म्हणाले, "नमस्कार, दिव्यांग भगिनी." एवढं अपमानकारक ते मला आधी कधीच बोलले नव्हते. आकडा शून्य.

गॅदरिंग आलं. उपहासमुक्त कॉलेजचा सत्कार करायला जिल्ह्याहून समाजकल्याणच्या बाई येणार होत्या. आवटे सरांनी सगळ्या स्टाफला पट्टे बांधले आणि स्टेजवर मोठी स्क्रीन लावली, की आकडे सगळ्यांना दिसावेत. फिशपाँड बंद करावेत तर परंपरा मोडते. म्हणून त्यांनी सकारात्मक फिशपाँड ठरवले. फक्त कौतुकाचे. समितीने आधी वाचून पास केलेले.

आता कौतुक ऐकून कोण हसणार? "शिपाईमामा, तुमची घंटा वेळेवर वाजते." टाळ्या. "ग्रामोपाध्ये मॅडम, तुमचं अक्षर सुंदर." टाळ्या. पोरं पेंगायला लागली. मग माझा आला. गुरसाळे सरांनी वाचला, चिठ्ठीवरून नजर न काढता, "दुधाणे मॅडम, एवढं सगळं असूनही तुम्ही रोज कॉलेजात येता. तुमच्याकडे पाहून आम्हाला जगण्याची हिंमत मिळते." समाजकल्याणच्या बाईंनी डोळे पुसले. मी उठले, गेले, चिठ्ठी घेतली. स्टेजची पायरी चढले म्हणून वेगळ्या टाळ्या पडल्या. आकडा शून्य. खाली पहिल्या रांगेत आई बसली होती. तिने डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर मडक्यातून निघाली ती मी टाकलेली चिठ्ठी. समितीने ती वाचली होती आणि एकमताने पास केली होती. त्यात माझ्या पदरचा एक शब्द नव्हता. मला आजवर लोक जे कौतुकाने म्हणत आले, तेवढंच मी उतरवून काढलं होतं. फक्त नाव बदललं होतं.

गुरसाळे सरांनी वाचायला सुरुवात केली. "प्राचार्य आवटे सर. एवढं सगळं असूनही तुम्ही रोज कॉलेजात येता."

हॉलमध्ये एक कुणीतरी फिसकलं.

"तुम्ही स्वतःच्या हाताने जेवता, हे पाहून फार बरं वाटतं." गुरसाळे सर नकलाकार माणूस. वाक्य तोंडात आलं की त्याचा सूर आपोआप लागतो. लहान मुलांशी आणि माझ्याशी बोलताना लोक जो मऊ, ओला आवाज काढतात, तो नेमका त्यांच्या गळ्यातून यायला लागला. "घरच्यांनी तुम्हाला सांभाळलं, धन्य आहे त्यांची. लग्न झालंय? हो का! अरे वा! बायको नॉर्मल आहे?"

हॉल कोसळला. पोरं बाकांवर डोकी आपटत होती. समाजकल्याणच्या बाई हसायला लागल्या आणि हसू थांबवायच्या नादात त्यांना उचकी लागली. आवटे सर खिलाडूवृत्तीने उठले. हसतच उठले. स्क्रीनवर त्यांचा आकडा साठ झाला, ऐंशी झाला, सत्त्याण्णव झाला, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली: उपहास आढळला. तक्रार नोंदली आहे.

पुढच्या रांगेत मी आईकडे पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत हसत होती.

मला काही वाटलं का? खरं सांगते, नाही. पण उभं राहायला त्या दिवशी भिंतीचा आधार घ्यावा लागला नाही.

* * *

चौकशीत मी कबूल केलं की चिठ्ठी माझी. कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की पीडित दिव्यांगच हवा. ज्या कर्मचाऱ्याच्या हाताला पट्टा तो पीडित. त्यामुळे उपहासमुक्त कॉलेजातली पहिली आणि एकमेव उपहासकर्ती म्हणून माझं नाव लागलं.

शिक्षा ठरलेली होती. उपहास करणाऱ्याने रोज एका वर्गापुढे उभं राहून उपहासाचे दुष्परिणाम समजावून सांगायचे. वर्ग कॉलेजने द्यायचा. त्या महिन्यात स्क्रीनवरचे सर अपडेट व्हायला गेले होते, म्हणून एकच वर्ग रिकामा होता. अकरावी 'ब'.

"तुम्हाला हे कळलंय ना, की ही शिक्षा आहे?" आवटे सरांनी मला विचारलं.

"हो सर," मी म्हटलं. चेहरा गंभीर ठेवायला मला माझ्या सगळ्या स्नायूंशी भांडावं लागलं.

ओजसने माझा निळा पट्टा काढून लाल बांधला. "उपहासकर्त्यांचा लाल असतो. यंत्र तेच, सिग्नल तेच. फक्त निळ्यावर आकडा आला की दुखणं म्हणायचं, लालवर आला की पश्चात्ताप."

"दोन्ही एकच?"

"घाम तोच, ठोके तेच. मोजणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून पट्ट्याचा रंग. चाळीसच्या वर गेला की पश्चात्ताप झाला असं धरतात आणि शिक्षा संपते. आणि लाल पट्ट्याला तुम्हाला कोण काय बोललं ते नोंदवता येत नाही. तो हक्क गेला."

मी मनात हिशेब केला. शिक्षा संपायला आकडा यायला हवा, आणि माझा आकडा येत नाही. म्हणजे ही शिक्षा जन्मभर चालणार. मला कुणी दुखवू शकत नाही, याचा एवढा फायदा कधी झाला नव्हता.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'उपहासाचे दुष्परिणाम'. खाली लिहिलं, 'उदाहरण पहिलं: व्हर्नियर कॅलिपर'. पोरं हसली. मागून कुणीतरी "बफरिंग" म्हणालं. मी बोलत राहिले. चार-पाच दिवसांनी त्यांना माझ्या बोलण्याच्या वेगाची सवय झाली, जशी मला त्यांच्या हसण्याची होती. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण शून्याची खूणच सरकली असेल तर आपल्याला कळणार कसं? मोजायला तर तेच यंत्र आहे." आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आँ?"

मला रडू यायला हवं होतं. मी खडूचे दोन तुकडे केले.

काही आठवडे असे गेले. सकाळी आई म्हणायची, "शिक्षेला निघालीस?" मी म्हणायचे, "हो." ती डब्यात लाडू टाकायची.

मग एके दिवशी तास संपत आला असताना दारात गुरसाळे सर आले. गॅदरिंगपासून पहिल्यांदाच. हातात स्कूटरची किल्ली.

"मॅडम, संध्याकाळी सोडू का घरी?" त्यांनी विचारलं. साध्या आवाजात. मला फार बरं वाटलं.

पोरांनी त्यांना पाहिलं आणि गलका केला. "सर! मॅडमची करा ना! एकदा! सर, प्लीज!"

गुरसाळे सरांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"लाल आहे," मी म्हटलं. "तुमच्यावर काही येत नाही. करा."

मीच म्हटलं. मला ते जुने दिवस हवे होते, स्कूटर हवी होती, सगळंच हवं होतं.

त्यांनी केलं. आजवरची सगळ्यांत छान केली. फळ्यापाशी गेले, खडू तसाच धरला, मान वळवली आणि माझ्या आवाजात, माझ्या सगळ्या खाचाखळग्यांसकट म्हणाले, "खूण... कि... ती... सर... क... लीय..." ते बाहेरून ऐकत उभे होते तर. माझं वाक्य होतं ते. त्या मुलीने शंका विचारल्यावर मी दिलेलं उत्तर. वर्ग हसला. ती मुलगीही हसली. मागच्या बाकावरचा तो "आँ" सगळ्यांत मोठ्याने हसला.

गुरसाळे सर कपाळावरचा घाम पुसत माझ्याकडे वळले. "आली ना मजा?"

इथे मी हसायची असते. इतकी वर्षं तेच माझं काम होतं. तोंड उघडलं, तर निघालं ते दुसरंच.

"नाही," मी म्हटलं. पुढचा शब्द यायला वेळ लागला. त्यांनी वाट पाहिली, वर्गानेही पाहिली. "दुखलं."

कुणी हसलं नाही. गुरसाळे सरांनी माझी मान खाली ठेवली, माझा हात सोडला, माझं तोंड मिटलं. एकेक करून माझं सगळं उतरवलं. मग ते नुसतेच उभे राहिले, आणि मला कळलं की या माणसाचा स्वतःचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहतेय. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पट्टा वाजला. चौसष्ट.

'पश्चात्ताप नोंदला आहे,' पट्टा म्हणाला. 'शिक्षा पूर्ण. अभिनंदन.'

सोमवारपासून मी परत ग्रंथालयात आहे. अकरावी 'ब'ला अपडेट होऊन आलेले स्क्रीनवरचे सर देण्यात आले. पहिल्याच तासाला त्यांनी व्हर्नियर काढला, शून्याची खूण सरकली तर काय करायचं ते सांगायला तोंड उघडलं, आणि नेट गेलं. ते तोंड उघडं ठेवून थांबले. तास संपेपर्यंत तसेच होते. हे गुरसाळे सरांनी मला ग्रंथालयात येऊन सांगितलं, नक्कल न करता.